मुका 'के'

पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगायचा. त्यात 'के' हे अक्षर हवं, पण शब्द म्हणताना तो 'के' ऐकू येता कामा नये. हे कोडं आज घरात कुणालाही घालून पाहा. पहिला शब्द बहुधा 'नाइफ' येईल, म्हणजे सुरी. त्याच्यामागून दार ठोठावणारा 'नॉक' येईल. मग जरा शांतता पसरेल. कुणी 'नी' म्हणेल, म्हणजे गुडघा; पण बोटं मोजली की अक्षरं चारच भरतात. कुणी 'नाइट' म्हणेल, म्हणजे चिलखत घातलेला, घोड्यावरचा सरदार; तो सहा अक्षरांचा निघतो. मग हळूहळू 'नील' म्हणजे गुडघे टेकणं, 'नॅक' म्हणजे हातोटी, 'नेव्ह' म्हणजे लबाड माणूस, असे एकेक शब्द कोपऱ्यातून बाहेर यायला लागतात. रोज सकाळी पोळ्यांची कणीक मळणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना 'नीड' मात्र सहसा आठवत नाही. कणीक मळण्याला इंग्रजीत हाच शब्द आहे आणि त्याच्याही तोंडाशी एक 'के' बसलेला आहे : के-एन-ई-ए-डी.

हे शब्द मला पाठ झाले ते काही परीक्षेसाठी नव्हे. साठी उलटल्यावर परीक्षा कसली द्यायची! ते पाठ झाले गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, माझा नऊ वर्षांचा नातू आणि माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई यांच्यामुळे.

एकाला बोलता येईना, एकीला ऐकू येईना

आम्ही बडोद्याला राहतो. मुलगी आणि जावई बंगळुरूला. नातू इंग्रजी शाळेत जातो, इमारतीतल्या मुलांशी हिंदीत आणि कानडीत खेळतो. मराठी त्याला सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की गाडी अडखळते. 'मी आंघोळ केला', 'पंखा चालू झाली' असं त्याचं चालतं. आपण हसू दाबायचं आणि पुढे जायचं.

आई माझ्याकडे राहते. मूळची वाईची. तिचे वडील भिक्षुकी करत. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून रामरक्षेपासून किती तरी स्तोत्रं तिला पाठ झाली. शाळा मात्र सातवीपर्यंतच. त्या काळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. सातवी झाली, शाळा सुटली, आणि इंग्रजीचा वर्ग एका भिंतीपलीकडे राहून गेला. पुढे गोळ्यांच्या पाकिटावरची नावं जुळवून पाहण्यासाठी तिनं ए टू झेड अक्षरं गिरवली, तेवढीच तिची इंग्रजीशी ओळख.

चार-पाच वर्षांपासून तिला ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आणलं आहे, पण ते डबीत असतं. "घातलं की डोक्यात गिरणी सुरू होते," असं म्हणते. ऐकणं कमी झालं तसं तिचं बोलणंही कमी झालं. पूर्वी घरात पाहुणे आले की गप्पांचा फड तिचाच असे. आता झोपाळ्यावर पोथी घेऊन बसते. कुणी काही विचारलं की मान हलवते. तिला ते ऐकू आलं आहे की नाही, हे आपल्याला कळत नाही.

अशी ही दोन माणसं. एकाला नीट बोलता येईना आणि एकीला नीट ऐकू येईना. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात पणजी आणि पणतू एकमेकांकडे पाहून नुसते हसत. हसून झालं की संपलं.

नातवाची आणखी एक गोष्ट होती. त्याचं स्पेलिंग चुके. कानाला येईल तसं तो लिही. 'नाइफ' एन पासून, 'नॉक' एन पासून. वहीची पानं लाल गोलांनी भरलेली. शंभर शब्द, प्रत्येकी दहा वेळा, असा सुट्टीचा अभ्यास घेऊन तो आला होता. ती वही दिसली की स्वारी मोरीत जाऊन बसे. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं मला विचारलं, "आजी, मी डम आहे?"

'डम' म्हणजे मठ्ठ. इंग्रजीत मुक्यालाही हाच शब्द वापरत आले आहेत. आणि गंमत अशी, की या शब्दाच्या शेवटी एक 'बी' असतो, तोही बोलत नाही.

पाटीवरचा खेळ

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला पाठीवर हात फिरवून दिलं. पण तेवढं पुरेसं नाही, हे मलाही कळत होतं. वही कपाटात ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक खेळ काढला.

'वर्डल' नावाचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. जॉश वॉर्डल या संगणक-अभियंत्यानं तो आपल्या सहचारिणीसाठी, पलक शहा यांच्यासाठी, तयार केला. त्यांना शब्दांचे खेळ आवडतात म्हणून. पाच अक्षरांचा एक गुप्त शब्द असतो, तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर बरोबर जागी असेल तर चौकट हिरवी होते, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळी, आणि अक्षर शब्दातच नसेल तर करडी. इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द सुमारे बारा हजार. त्यातले बरेच कुणी कधी ऐकलेलेही नसतात. पलकबाईंनी ती सगळी यादी चाळून ओळखीचे तेवढे, म्हणजे सुमारे अडीच हजार, निवडले. २०२१च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा खेळ खेळणारी माणसं होती ९०. दोन महिन्यांत ती तीन लाखांवर गेली आणि २०२२च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तो विकत घेतला.

आम्ही तो मोबाइलवर खेळलो नाही. दिवसाला एकच शब्द मिळतो, त्यानं दुपार कशी जायची? बाजारातून पाटी-पेन्सिल आणली. एकानं शब्द मनात धरायचा, चिठ्ठीवर लिहून पंचांकडे द्यायचा. दुसऱ्यानं पाटीवर शब्द लिहायचा. पंचांनी चिठ्ठी आणि पाटी शेजारी ठेवून अक्षराखाली खूण करायची : बरोबर जागी असेल तर गोल, जागा चुकली असेल तर टिंब, नसेल तर फुली.

पंच कोण? आई. या कामाला इंग्रजी यावं लागत नाही, ऐकू यावं लागत नाही. अक्षराला अक्षर जुळतं का, एवढंच पाहायचं असतं. औषधाची पाकिटं ताडून पाहणाऱ्या माणसाला ते सहज जमतं. आणि पाच अक्षरांच्या खेळाला पंच नसेल तर कसं चालेल, असं मी म्हटल्यावर ती कित्येक दिवसांनी मोठ्यानं हसली.

पाचवं अक्षर

तिसऱ्या की चौथ्या दुपारी नातवानं शब्द धरला आणि चिठ्ठी पणजीच्या हातात दिली. तिनं बोटानं अक्षरं मोजली. "चार आहेत रे. बाद."

त्याला वाटलं होतं, पाच असतील. शब्द होता 'नोन', म्हणजे ठाऊक असलेला. त्यानं लिहिलं होतं एन-ओ-डब्ल्यू-एन. मी पुढे 'के' लिहून दाखवला आणि त्यानं पेन्सिल फेकली. "हा के काहीच करत नाही! मग तो तिथे का बसतो?"

आई माझ्याकडे पाहू लागली. तो काय म्हणतो आहे, ते तिला ऐकू आलं नव्हतं. मी पाटीवर मराठीत लिहिलं, 'के बोलत नाही, मग शब्दात कशाला?'

तिनं ते वाचलं. थोडा वेळ झोपाळा थांबवून बसली. मग पाटी पुसली आणि तिच्यावर मोठं अक्षर काढलं : ज्ञ. "हे काय आहे, म्हणायला सांग त्याला."

नातू शाळेत हिंदी शिकतो. तो म्हणाला, "ग्य." शेजारची गुजराती मुलगी खेळायला आली होती. ती म्हणाली, "ग्न." आई म्हणाली, "आणि आम्ही म्हणतो द्न्य. अरे, यात एक 'ज' आहे आणि एक 'ञ' आहे. तो 'ज' तुमच्यापैकी कुणाच्या तोंडात आला? तरी आपण लिहितोच ना?"

पोरं गप्प झाली. दोघांनीही 'ज्ञ' पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मग आईनं विचारलं, "बरं, त्या शब्दाचा अर्थ तरी काय?"

मी पाटीवर लिहिलं, 'ज्ञात'.

त्या रात्री कपाटातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. शब्दाच्या शेवटी बारीक टाइपात त्याची व्युत्पत्ती दिलेली असते, तिकडे आपण कधी पाहत नाही. तिथे सगळं होतं. इंग्रजीतला 'नो' आणि संस्कृतातला 'ज्ञा' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. तो मुका 'के' म्हणजे 'ज्ञ'मधला 'ज'च आहे. आईनं दिलेला दाखला केवळ दाखला नव्हता, ते नातंच होतं.

'के' गप्प कधी झाला?

सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये हा 'के' मुका नव्हता. चॉसर हा इंग्रजीचा थोर जुना कवी १४०० साली वारला. त्याच्या काळात लोक सुरीला 'क्नीफ' म्हणत, 'क' स्पष्ट ऐकू येई. जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो. इंग्रजांच्या जिभेला मात्र 'क्न' हे जोडाक्षर पुढे जड वाटू लागलं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'क' गळून गेला.

मग लिहिण्यातून का नाही गेला? कारण तोवर छापखाना आला होता. विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडमधला पहिला छापखाना १४७६ साली घातला. पुस्तकं छापली जाऊ लागली, शब्दांची रूपं हळूहळू पक्की होत गेली. माणसांच्या तोंडातला शब्द बदलत राहिला, कागदावरचा तसाच राहिला.

आणखी एक मौज. हा 'के' मुळात 'के'सुद्धा नव्हता. जुन्या इंग्रजीत हे शब्द 'सी' या अक्षरानं लिहीत. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी लेखन हाती घेतलं. त्यांच्या सवयीप्रमाणे काही अक्षरांपूर्वी 'सी'चा उच्चार 'स' होई. घोटाळा नको म्हणून तिथे 'के' लिहायची पद्धत पडली. एरवी इंग्रजीत 'के'ला काम थोडंच. स्क्रॅबल खेळात शंभर सोंगट्या असतात, त्यात 'ई'च्या बारा आणि 'के'ची एक!

काही 'के' तर हाकलून दिले गेले. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला, त्यात 'म्युझिक'च्या शेवटी 'के' होता. अमेरिकेच्या नोआ वेबस्टरनं १८२८च्या कोशात तो ठेवला नाही. म्हणून संगीत आज पाच अक्षरांत मावतं. हे ऐकून नातू म्हणाला, "मग बाकीचे के पण का नाही काढले?" प्रश्न रास्त होता. स्पेलिंग सोपं करू पाहणारे लोक हाच प्रश्न विचारत आले आहेत.

मला मात्र या सगळ्यात माझी शाळा आठवली. आम्हांला इंग्रजी पाचवीपासून होतं. वर्गात एका मुलीनं धडा वाचताना 'के-नाइफ' म्हटलं. सारा वर्ग हसला. गुरुजींनी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं आणि 'के सायलेंट' असं फळ्यावर लिहिलं. का सायलेंट, ते काही सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. ती मुलगी त्यानंतर इंग्रजीच्या तासाला कधी बोलली नाही. सातवीनंतर शाळेतही दिसली नाही. अक्षर दिसलं ते तिनं वाचलं, एवढाच तिचा अपराध. चॉसरच्या इंग्लंडमध्ये तिचा 'क' ऐकून कुणीही हसलं नसतं.

पणजीचे शब्द

त्या दिवसापासून खेळाला नवं वळण लागलं. नातू शब्द आणी, मी अर्थ लिही आणि आई आपल्या पोतडीतून त्याचा भाऊबंद शोधी. प्रत्येक वेळी जमेच असं नाही. कोशात पाहून मी नक्की केल्याशिवाय आम्ही तो वहीत चढवत नव्हतो. चढले ते मात्र अस्सल होते.

'नील' म्हणजे गुडघे टेकणं. त्यातला 'नी' म्हणजे संस्कृतातला 'जानु'. ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोचतात तो आजानुबाहू. रामरक्षेत रामाला हेच विशेषण आहे, त्यामुळे आईला ते सांगावं लागलं नाही. 'नेकेड' म्हणजे नग्न. या शब्दातला 'के' मुका नाही, पण अक्षरं पाच आहेत, पंचांनी मान्य केला. तो ऐकून दोन्ही पोरं तोंड दाबून हसत सुटली. 'क्विक' म्हणजे चपळ. त्याचा जुना अर्थ 'जिवंत', आणि आपला 'जीव' त्याचाच सख्खा. 'योक' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. 'युग', 'जू' आणि 'योक' तिन्ही एकाच घरचे. पण तो चार अक्षरी, म्हणून बाद. आई नियमाला पक्की.

बारकाईनं पाहिलंत तर यात एक शिस्त दिसेल. आपल्याकडे जिथे 'ज' किंवा 'ग', तिथे इंग्रजीत 'क'. ज्ञा, जानु, नग्न, युग, सगळीकडे तेच. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडला होता. पुढे कुठल्या ध्वनीचा कुठला ध्वनी झाला याचे नियम १८२२ साली जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी व्यवस्थित मांडले. हे ग्रिम म्हणजे हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट जमवणाऱ्या दोन भावांपैकी थोरले! हिमगौरीवाल्या काकांनी 'के'चाही शोध लावला, हे नातवाला फारच पटलं.

मग आपला 'क' कुठे गेला, असं आईनं विचारलं. "आपल्याकडे 'क'शिवाय प्रश्नच विचारता येत नाही. कोण, काय, कुठे, केव्हा, कसं, किती, का." त्याचंही उत्तर ग्रिमकाकांकडे होतं. आपल्या 'क'चा तिकडे 'ह' झाला. म्हणून त्यांचे प्रश्न हू, व्हॉट, व्हेअर असे 'एच' घेऊन येतात. आणि काही ठिकाणी तो 'ह'ही पुढे गप्प झाला. 'नाइट' म्हणजे रात्र. के नसलेला, पाच अक्षरांचा : एन-आय-जी-एच-टी. त्यातले जी आणि एच कुणी म्हणत नाही. पण त्याचा संस्कृतातला भाऊबंद 'नक्त' आहे. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं, त्या व्रताला आपण नक्त म्हणतो. आई श्रावणात अजून ते करते. त्या मुक्या जी-एचच्या जागी एके काळी 'नक्त'मधला 'क' होता, हे समजल्यावर ती बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बघ, आठवीत गेले असते तर हे शिकवलं असतं का गं?"

मी 'नाही' असं लिहिलं. खरंच शिकवलं नसतं.

आणखी एक वही आपोआप तयार झाली. आपल्याकडून इंग्रजीत गेलेले, 'के' असलेले, पाच अक्षरांचे शब्द : खाकी, कुर्ता, कर्म, टिक्का. खाकीत तर दोन 'के' आहेत. मूळ फारसीतला 'खाक', म्हणजे धूळ. 'पक्का' इंग्रजी कोशात आहे. 'डेको' आहे. इंग्रज शिपायांनी इथून 'देखो' उचलला, तिकडे नेला आणि एखाद्या गोष्टीवर नजर टाकण्याला 'डेको' म्हणू लागले. हे सगळे शब्द म्हणजे बोलके 'के', असं नातवाचं वर्गीकरण. मुके एका पानावर, बोलके समोरच्या पानावर.

सुट्टीनंतर

सुट्टी संपली, नातू बंगळुरूला गेला. त्याचं स्पेलिंग जादूनं सुधारलं असं मी म्हणणार नाही. लाल गोल अजून येतात. पण आता तो वही घेऊन मोरीत बसत नाही. चुकलेल्या शब्दातलं न बोलणारं अक्षर शोधतो आणि ते कुठून आलं असं विचारतो. 'क्नाइफ' आणि 'क्नॉक' असं मनातल्या मनात म्हणून तो ते शब्द लिहितो, बाहेर मात्र 'के' गिळतो. ही त्याची स्वतःची युक्ती आहे आणि त्या शब्दांपुरती ती अचूक लागू पडते.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. काही मुलांना अक्षरं आणि आवाज जुळवायला मुळातच फार जड जातं. अध्ययन-अक्षमता असेल तर खेळ आणि गोष्टी पुरत नाहीत, तिथे तज्ज्ञांनाच दाखवायला हवं. आम्हीही नातवाची तपासणी करून घेतली. तसं काही निघालं नाही. निघालं असतं तरी 'डम' हा शब्द त्याला लागू झाला नसता, हे मात्र आम्ही त्याला स्पष्ट सांगितलं.

घरात असा खेळ करायचा असेल तर फार काही लागत नाही. एक पाटी, एक कोश आणि एक म्हातारं माणूस. मुलांना शब्द दहा वेळा लिहायला लावण्यापूर्वी तो एकदा उघडून दाखवावा. प्रत्येक शब्दाची गोष्ट सापडेलच असं नाही, पण पाचांतल्या एकाची सापडली तरी पुरते. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला त्यात काय ठाऊक असणार, असं मात्र कुणी समजू नये.

आता दर रविवारी सकाळी दहाला बंगळुरूहून व्हिडिओ कॉल येतो. नातवानं तिकडे स्वतःची पाटी घेतली आहे. तो शब्द लिहून पाटी कॅमेऱ्यासमोर धरतो, इकडे आई अक्षरं मोजते आणि मग अर्थ विचारते. पहिले दोन रविवार मी मध्ये बसून लिहून दाखवत होते. तिसऱ्या रविवारी तो काही तरी सांगत होता, हात हलवून, अडखळत, त्याच्या त्या मराठीत. आई माझ्याकडे वळली नाही. उठली, कपाटातली डबी काढली, यंत्र कानात बसवलं आणि परत येऊन म्हणाली, "हां, आता बोल."

तेव्हापासून रविवारी पावणेदहाला ती स्वतःहून यंत्र घालून बसते. गिरणीचा आवाज येतोच, म्हणते. पण त्यातून पोराचाही येतो.